शिवणखोलीचं माप

फिजिओबाईंचा फोन आला तेव्हा घरात थोरली एकटीच होती आणि गळ्यात मापाची टेप होती. टेप तिच्या गळ्यात कायमच असायची. सकाळी केस विंचरून झाले की ती टेप गळ्यात टाकायची आणि झोपायला जाताना काढायची. मधल्या वेळात ती तिथे आहे हे तिच्या ध्यानातही नसे. दोन शाळांचे गणवेश, बाजारातल्या दुकानांचे पडदे, गल्लीतल्या निम्म्या माणसांचे शर्ट याच टेपवर बेतले गेले होते. "थोरलीनं मोजलं म्हणजे मोजलं," असं घरात म्हणत, आणि मग दुसऱ्यांदा मोजायला कुणी जात नसे.

"तुमच्या जाऊबाईंना पुढच्या महिन्यात घरी सोडावं म्हणतोय आम्ही," फिजिओबाई म्हणाल्या. "तुमचे दीर म्हणाले, खालची शिवणखोली त्यांना देणार आहात. त्या खोलीची रुंदी तेवढी हवी होती. चाकांची खुर्ची जागच्या जागी वळवायची तर पाच फूट मोकळे लागतात, आणि पलंगाचे तीन. म्हणजे आठ. आठ असतील तर बाकीचं सगळं जमवता येईल. दार रुंद करता येतं, उंबरा काढता येतो. आडवी भिंत मात्र सरकवता येत नाही."

थोरलीच्या कानात त्यातले दोनच शब्द राहिले. देणार आहात.

कुणी ठरवलं होतं? कधी? ती काल रात्री सगळ्यांना वाढत होती, तेव्हा? की परवा ती कापड आणायला गेली होती, तेव्हा?

"थांबा हं," ती म्हणाली. "मोजून सांगते."

शिवणखोली घराच्या मागच्या अंगाला होती. लांबट, बिनखिडकीची. दिवसाही दिवा लावावा लागे. लग्न होऊन आली त्या वर्षी तिनं सासऱ्यांकडे मागच्या भिंतीत एक खिडकी मागितली होती. मामंजी सुतार होते; हे घर त्यांनी उभं राहून बांधून घेतलेलं. "त्या भिंतीवर अख्ख्या घराचा भार आहे," ते म्हणाले, "तिला हात लावायचा नाही." मामंजी गेले. मग तिनं नवऱ्याकडे मागितली, तर त्यानं वडिलांचंच वाक्य वडिलांच्याच आवाजात ऐकवलं. अठरा वर्षं ती पिवळ्या दिव्याखाली सुईत दोरा ओवत होती आणि दोन वर्षांपासून चष्मा लावून ओवत होती.

आणि मागच्या आठवड्यात न्हाणीघराची भिंत फोडली. दोन दिवसांत. धाकटीची खुर्ची आत जावी म्हणून. घर काही पडलं नाही.

धाकटी दुकानांच्या पाट्या रंगवायची. शहरभर तिची अक्षरं होती. सात महिन्यांपूर्वी एका औषधाच्या दुकानाच्या पाटीवर शेवटचा काना काढताना शिडी सरकली आणि ती पाठीवर पडली. तेव्हा थोरलीनंही सगळ्यांबरोबर रडून घेतलं होतं. खोटं नव्हतं ते रडणं. पण पुढे महिन्यामागून महिने गेले, धाकटी उपचार केंद्रात होती आणि घरात मात्र सगळ्यांच्या तोंडी धाकटीच तेवढी होती. येणारा-जाणारा दारातूनच विचारायचा, धाकटी कशी आहे? सासूबाई तिच्यासाठी डबा भरताना वरची मऊ-मऊ साय आठवणीनं वेगळी काढायच्या. दीर तिचे पाय चोळायला शिकला, तिची वेणी घालायला शिकला. आणि थोरलीचा नवरा, शाळेतला कारकून, ज्याला घरातला बल्ब बदलायला चारदा सांगावं लागे, तो तीन संध्याकाळी न्हाणीघरात बसून नव्या लाकडी कठड्याला पॉलिशपेपर घासत होता. "तिच्या हाताला कुसळ लागायला नको," म्हणाला. थोरलीच्या बोटांची सुयांनी चाळण झाली होती. त्या बोटांकडे त्यानं शेवटचं कधी पाहिलं होतं, हे तिला आठवेना.

जिला चालता येत नाही तिचा हेवा वाटतो, हे सांगायचं तरी कुणाला? स्वतःशीसुद्धा ती ते पुरतं बोलत नसे.

तिनं टेप भिंतीपासून भिंतीपर्यंत ताणली. दोनदा ताणली. आठ फूट एक इंच.

फोन उचलून ती म्हणाली, "सात फूट एक इंच."

"अरेरे," फिजिओबाई म्हणाल्या. "मग चारच उरतात. चार फुटांत नाही हो वळत खुर्ची."

"नाही ना," थोरली म्हणाली.

*

पुढचे सतरा दिवस त्या एका फुटानं घर हलवून टाकलं.

नवऱ्यानं गवंड्याला बोलावून विचारलं, भिंत बाहेर ढकलता येईल का. बाहेर शेजाऱ्याची हद्द. सासूबाईंची खोली? ती सहा फुटांचीच होती. वरच्या मजल्यावर धाकट्यांचा संसार मांडलेला होता, पण मध्ये अठरा पायऱ्या होत्या. बैठकीच्या खोलीचं नाव कुणाच्या तोंडी आलं नाही. तिथे सोफा होता, काचेचं कपाट होतं, मामंजींची तसबीर होती आणि महिन्यातून दोनदा कुणी पाहुणा आला तर तो तिथे बसे. ती खोली मोजायची असते, असंही कुणाला वाटलं नाही.

वन्सं आल्या, तिसऱ्या दिवशी. थोरलीची नणंद कुठल्याही अडचणीत तिसऱ्या दिवशी येत असे. तोवर बाकीचे दमलेले असत.

"मला विचाराल तर तिला तिच्या भावाकडे पाठवा," त्या म्हणाल्या. "त्याच्या इमारतीला लिफ्ट आहे. तिची सोय होईल. आणि आपल्यालाही," इथे त्यांनी थोरलीच्या गुडघ्यावर हात ठेवला, "जरा श्वास घ्यायला मिळेल. हिचं कुणी बघितलंय का? सात महिने ही एकटी राबतेय."

अठरा वर्षांत पहिल्यांदा वन्सं तिच्या बाजूनं बोलल्या होत्या. थोरलीला बरं वाटलं, आणि लगेच आपल्याला बरं वाटलं याची लाज वाटली.

"भावाकडे म्हणजे किती दिवस?" सासूबाईंनी डोळे पुसत विचारलं.

"बघू की. काही महिने."

काही महिने म्हणजे काय, हे सगळ्यांना कळलं. तिथून परत आणण्यासाठी घर मोठं व्हायला हवं होतं, आणि घरं काही वाढत नाहीत.

दीर मात्र ऐकेना. एका संध्याकाळी तो स्वयंपाकघरात कागद पसरून बसला होता. "वहिनी, तुमची छोटी कात्री द्या ना," म्हणाला. तिनं दिली. त्यानं पुठ्ठ्याचा छोटा पलंग कापला, एक गोल कापला खुर्चीच्या वळणाचा, आणि कागदावर आखलेल्या सात फुटांच्या खोलीत ते दोन्ही तुकडे इकडून तिकडे सरकवत राहिला. पलंग उभा करून पाहिला, आडवा करून पाहिला. गोल प्रत्येक वेळी भिंतीवर चढे.

"थोडक्यासाठी राहतंय हो," तो म्हणाला. "एक फूट. एक फूट कुठून तरी निघाला असता तर."

थोरली भांडी पुसत होती. सांगावं, आत्ता सांगावं, असं तिच्या जिभेच्या टोकाशी आलं. तेवढ्यात तो त्याच दमात म्हणाला, "तिला ती खोली आवडली असती. शांत आहे." आणि थोरलीच्या मनात आलं, ज्या खोलीत मी अठरा वर्षं डोळे फोडले ती याच्या लेखी नुसती शांत आहे. तिनं ताटं जरा जोरात रचली, एवढंच.

*

रविवारी धाकटी यायची होती. राहायला नाही, आपले कपडे आणि रंगांच्या डब्या काढून घ्यायला, सगळ्यांना भेटायला. सोमवारी भाऊ येऊन केंद्रातूनच तिला नेणार होता. पहिलंच बाहेर पडणं म्हणून फिजिओबाई बरोबर येणार होत्या.

गाडी दाराशी थांबली तेव्हा गल्लीतली चार माणसं उगाचच बाहेर येऊन उभी राहिली. दीर आणि थोरलीचा नवरा दोन बाजूंनी खुर्चीला भिडले.

"थांबा!" धाकटी म्हणाली. "मला आधी सांगा, मग उचला. मी पोतं नाहीये."

"सॉरी सॉरी," दोघं एकदम म्हणाले.

"आता उचला. दादा, तुमची बाजू खाली जातेय."

तीन पायऱ्या चढताना ती खुर्चीचे हात घट्ट धरून समोर पाहत होती, गल्लीतल्या माणसांकडे अजिबात नाही. थोरली दारात उभी होती. धाकटी बारीक झाली होती, दंड मात्र भरले होते. आणि केस. इतकी सुरेख वेणी तिनं पायांवर उभी असताना कधी घातली नव्हती. थोरलीचा हात आपसूक स्वतःच्या विस्कटलेल्या अंबाड्याकडे गेला.

बैठकीत सगळे बसले. फिजिओबाईंना सोफा दिला. चहा झाला. सगळे धाकटीशी बोलत होते, पण आजारी लेकराशी बोलावं तसे. शब्दांना साखर लावून.

"तिकडे मस्त लिफ्ट आहे हं," वन्सं म्हणाल्या. "आणि खाली बाग. तुझी छान सोय होईल. आम्ही येऊ ना भेटायला."

"येताना काय आणू ते सांगत जा," सासूबाई म्हणाल्या.

धाकटीनं कप खाली ठेवला. "मला ती खोली बघायची आहे."

"कुठली गं?"

"जी मला पुरत नाही ती."

"आता कशाला जिवाला त्रास," वन्सं म्हणाल्या, पण धाकटीनं चाकं फिरवली होती. मधल्या बोळातून ती स्वतःच गेली. शिवणखोलीच्या दारात खुर्ची दोन्हीकडे घासली, तिच्या बोटांची पेरं खरचटली. ती आत शिरली. मागोमाग सगळे दारात गोळा झाले. थोरली सगळ्यांत मागे होती. पाहुण्यांना बसायला म्हणून खोलीतल्या खुर्च्या नि स्टूल तिनंच सकाळी बाहेर नेऊन ठेवलं होतं आणि कापडाचे गठ्ठे टेबलाखाली सारले होते. आत एका भिंतीलगत कापायचं लांब टेबल आणि टोकाला मशीन, एवढंच उरलं होतं. बाकी मोकळी फरशी.

धाकटी खोलीच्या मध्ये थांबली. इकडे तिकडे पाहिलं. मग डावं चाक पुढे, उजवं मागे. खुर्ची वळली. अर्धी वळली, पुरती वळली, आणि तिचं तोंड पुन्हा मशीनकडे झालं. कुठेही न अडता.

धाकटीनं पुन्हा एकदा, उलट्या बाजूनं, सावकाश गोल घेतला.

"हे टेबल किती रुंद आहे?" फिजिओबाईंनी विचारलं.

"तीन फूट," नवरा म्हणाला. "वडिलांनीच केलेलं."

"म्हणजे पलंगाएवढंच." फिजिओबाईंनी पर्समधून आपली स्टीलची टेप काढली.

"नका मोजू," थोरली मागून म्हणाली. "आठ फूट एक इंच आहे."

सगळ्या माना वळल्या.

"अगं, मग तेव्हा," नवरा घाईघाईनं म्हणाला, "तेव्हा वाचताना चूक झाली असणार. सात काय, आठ काय. दिवा पण मंद आहे इथला. होतं असं."

त्यानं तिला वाट काढून दिली होती. नुसतं हो म्हणायचं होतं. आयुष्यात पहिल्यांदा तो तिच्यासाठी चटकन काही बोलला होता आणि नेमकं तेच तिला घेता येईना.

"माझी मोजण्यात चूक होत नाही," ती म्हणाली. "मी खोटं सांगितलं."

दिराचा चेहरा आधी कोरा झाला. मग त्याला पुठ्ठ्याचा गोल आठवला असावा, कारण तो थोरलीच्या हातांकडे बघायला लागला. कात्री देणाऱ्या हातांकडे. "वहिनी?" एवढंच म्हणाला आणि सगळ्यांना बाजूला सारत बाहेर ओट्यावर निघून गेला.

"मला शंका होतीच," वन्सं म्हणाल्या. थोरलीच्या गुडघ्यावर ठेवलेला हात त्या कधीच विसरल्या होत्या. "म्हटलं, एवढीशी खोली कशी असेल?"

"तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती गं," सासूबाई म्हणाल्या. "ती पोर अशी झालेली, आणि तू..."

"का?" नवऱ्यानं विचारलं. खरंच विचारलं, त्याला कळलंच नव्हतं.

"खोली माझी आहे म्हणून!" थोरलीचा आवाज तिच्याही नकळत चढला. "ती द्यायचं ठरलं आणि मला फोनवर परक्या बाईकडून कळलं. मी एक खिडकी मागितली होती. अठरा वर्षं. भिंतीवर भार आहे म्हणालात. हिच्यासाठी दोन दिवसांत भिंत फोडलीत. कठड्याला तीन-तीन संध्याकाळी पॉलिशपेपर घासलात. मी आहे का नाही या घरात?"

"मग आपण काढू ना खिडकी," तो गोंधळून म्हणाला. "उद्याच गवंड्याला..."

"आज नको. आज दिलीत तर ती खिडकी नाही, तोंड बंद करायला लावलेलं बूच होईल."

"सगळे बाहेर जा," धाकटी खोलीतून म्हणाली. "ताई तेवढ्या थांबतील."

*

दार लोटलं गेलं. दिव्याखाली दोघीच उरल्या. थोरली टेबलाला टेकून उभी राहिली, मग उभं राहणं बरोबर दिसत नाही असं वाटून मशीनच्या स्टुलासाठी इकडे तिकडे पाहिलं. स्टूल बाहेर बैठकीत होतं.

"सतरा दिवस," धाकटी म्हणाली. तिच्या आवाजात रडं नव्हतं. "सतरा दिवस मी समजत होते की घर लहान आहे. रोज सकाळी केंद्रात मला हात बळकट करायला लावायचे, मी म्हणायचे कशाला, कुठल्या घरात जायचंय मला. ह्यांना म्हणाले, दुसरं लग्न करा. माहितीये तुला? हे घर मोठं होतं. तू लहान केलंस."

इतक्या वर्षांत धाकटीनं तिला कधी 'तू' म्हटलं नव्हतं. थोरलीनं ते ऐकलं आणि हरकत घेतली नाही.

"हो," ती म्हणाली.

"का पण? माझ्यातलं काय हवंय तुला? ही खुर्ची हवी? घे. पाय हवेत? हे घे, दोन्ही घे."

"सगळे तुला विचारतात," थोरली म्हणाली. बोलताना तिला आपण किती लहान मुलीसारखं बोलतोय ते कळत होतं, पण आता मागे फिरण्यात अर्थ नव्हता. "काय हवं, काय नको. तुझी वेणी कोण घालतं, मला माहितेय. मला ते बघवत नाही. तू पडलीस तेव्हा मी रडले होते, ते पण खरं आहे. आणि हे पण खरं आहे."

धाकटी  एकदम हसली, पण ते हसू चांगलं नव्हतं. "मला विचारतात? काय विचारतात? दुखतंय का, भूक आहे का. ही खोली मला द्यायची असं ठरलं, ते मला कुणी विचारलं? मी नाही म्हणाले असते. बघ ना इकडे!" तिनं मागच्या भिंतीकडे हात केला. "दिवसभर या भिंतीकडे बघत पडू मी? मी रस्त्यावर काम करणारी बाई. मला माणसं दिसायला हवीत, पाट्या दिसायला हव्यात."

थोरलीला वाटलं, पायाखालची फरशी जराशी खचली. जी खोली वाचवायला ती खोटं बोलली, ती हिला नकोच होती. तोंडानं एकदा विचारलं असतं तर एका वाक्यात कळलं असतं. पण तिनंही विचारलं नव्हतं, घरातल्या बाकीच्यांसारखंच.

"मग कुठली हवी?" तिनं विचारलं.

धाकटीनं क्षणाचाही विलंब लावला नाही. "बैठकीची."

आणि थोरलीच्या आत पुन्हा तीच जुनी कळ उठली. बघा! एवढं सोपं असतं? घरातली सगळ्यांत मोठी, सगळ्यांत उजेडाची, रस्त्यावर दोन खिडक्या असलेली खोली, आणि ही नुसतं नाव घेते! अठरा वर्षांत आपल्याला ते सुचलंसुद्धा नाही. आपण मागितली ती एक खिडकी, तीही मान खाली घालून.

"त्या सोफ्यावर महिन्यातून दोन माणसं बसतात," धाकटी म्हणत होती. "आणि मला जायचं तर तिथून न्हाणीघर आठ पावलांवर... म्हणजे, तुमच्या आठ पावलांवर."

"सासूबाई नाही म्हणतील," थोरली म्हणाली.

"म्हणतील. पण माझं अजून बोलून झालेलं नाही. मी तुला माफ वगैरे केलेलं नाही."

"कर असं मी म्हटलं का?"

"मग दार उघड."

*

सासूबाई नाहीच म्हणाल्या. "बैठक? अगं पण चार माणसं आली-गेली तर बसतील कुठे?"

"माझ्यासमोर," धाकटी म्हणाली.

"दारातून शिरल्या-शिरल्या पलंग? घराला शोभतं का ते?" वन्सं म्हणाल्या. "आणि तसबीर, कपाट..."

"तसबीर भिंतीवर आहे, तिला खुर्ची धडकणार नाही. कपाट शिवणखोलीत जाईल," थोरली म्हणाली. "माझ्या कापडांना होईलच."

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. अर्ध्या तासापूर्वी जिला फाडून खात होते ती आता कुणाच्या बाजूनं बोलतेय हे कुणाला उमजेना. तिलाही पुरतं उमजत नव्हतं. हेवा जिथल्या तिथे होता. पण वन्संच्या बाजूला बसून हेवा करण्यापेक्षा धाकटीच्या शेजारी उभं राहून करणं तिला जास्त सोसलं असतं.

तिनं गळ्यातली टेप काढली, एक टोक भिंतीला लावलं आणि ताणत गेली. "बारा फूट चार इंच."

"नीट बघा जरा," वन्सं म्हणाल्या.

थोरलीच्या कानशिलाशी रक्त चढलं. या घरात तिला असं कुणी कधी म्हटलं नव्हतं. आणि यापुढे म्हणत राहणार होते, हेही तिला तेवढ्यातच कळून चुकलं. ती परत फिरली, टोक पुन्हा भिंतीला लावलं आणि टेपचा आकडा सगळ्यांना दिसेल असा धरला. नवरा पुढे आला, चष्मा वर करून वाकून वाचला. "बारा चार," तो म्हणाला. दीर ओट्यावरून दारापर्यंत आला होता, त्यानंही वाचला. तिच्या चेहऱ्याकडे मात्र त्यानं पाहिलं नाही.

"दुसरी बाजू मी धरतो," तो टेपचं टोक हातात घेत म्हणाला.

"दाराला काय करायचं?" फिजिओबाईंनी वहीत लिहीत विचारलं. "पायऱ्या अठरा इंच चढतायत. इंचाला फूटभर धरला तर उतार अठरा फुटांचा होईल. समोर एवढी जागा नाही."

"भिंतीच्या कडेनं वळवायचा," धाकटी आणि थोरली एकदमच म्हणाल्या, आणि दोघींनाही ते आवडलं नाही.

सासूबाई मामंजींच्या तसबिरीखाली बसून राहिल्या होत्या. बऱ्याच वेळानं त्या कुणाकडेही न बघता म्हणाल्या, "सोफा तसाही बसायला टोचतोच."

सोमवारी भावाला फोन करून कळवलं, येऊ नकोस.

*

उतार झाला, दार रुंद झालं, उंबरा गेला आणि पाच आठवड्यांनी धाकटी घरी आली. ती स्वतः हातांनी चाकं फिरवत उतारावरून वर चढली, तिला कुणी उचललं नाही. गल्लीतली चार माणसं पुन्हा बाहेर आली होती. या वेळी तिनं त्यांच्याकडे पाहून मान हलवली.

पहिला आठवडा घर चवड्यांवर चाललं. दीर थोरलीशी कामापुरतं बोले, "वहिनी, भात," "वहिनी, किल्ली," एवढंच. थोरली धाकटीशी इतकं गोड बोले की तिची तिलाच शिसारी येई. पाणी देऊ का, खिडकी लावू का, ऊन लागतंय का. धाकटी हो-नाही म्हणे आणि खिडकीतून रस्ता बघे.

नवव्या दिवशी सकाळी थोरली मशीनवर बसली असताना बोळात काहीतरी खरडल्याचा आवाज आला. ती धावत गेली. गणवेशांच्या पांढऱ्या कापडाचा गठ्ठा, जो तिनं घटकाभरासाठी बोळात टेकवला होता, तो सुटून पसरला होता, आणि त्यावरून खुर्चीच्या चाकांचे दोन काळेशार पट्टे थेट स्वयंपाकघरापर्यंत गेले होते.

"डोळे कुठे ठेवले होतेस गं?" थोरली किंचाळली. गोडवा, लाज, नऊ दिवस, सगळं कुठल्या कुठे गेलं. "पंचेचाळीस पोरांचं कापड आहे ते! शुक्रवारी द्यायचंय मला!"

"आणि तुम्ही गठ्ठा कुठे ठेवला होता?" धाकटी स्वयंपाकघरातून तेवढ्याच जोरानं ओरडली. "हा बोळ आहे की गोदाम? मी काय त्याच्यावरून उडी मारू?"

"हाक मारायची! तोंड नाही का तुला?"

"मारली! तुमचं ते मशीन खडखडत होतं!"

"माझ्या मशीनचं नाव काढू नकोस!"

सासूबाई आपल्या खोलीतून धापा टाकत आल्या आणि थोरलीचा दंड धरला. "अगं अगं, काय हे? तिला असं बोलतात का? तिची अवस्था काय, तू बोलतेस काय..."

"आई, तुम्ही मध्ये पडू नका," धाकटी म्हणाली. तिनं खुर्ची वळवून घेतली होती. गाल लाल झाले होते, डोळे चमकत होते. "नऊ महिन्यांत माझ्याशी एक माणूस नीट भांडलेलं नाही. तुम्ही जा, पडा जरा." मग थोरलीकडे मान करून म्हणाली, "हं, बोला ताई. माझ्या तोंडाचं काय म्हणत होतात?"

थोरली बोळात उभी राहिली. हातात पांढऱ्या कापडाचं एक टोक होतं, त्यावर चाकाचा ठसा. काय म्हणत होतो ते तिला क्षणभर आठवेना. मग आठवलं.

"म्हणत होते," ती कमरेला हात लावून, आवाज आणखी एक पट्टी चढवून म्हणाली, "की मशीनच्या वरताण हाक मारता येत नसेल, तर ते तोंड काय पाट्या रंगवायला ठेवलंयस?"